खिळ्याला टांगलेला मोबाईल

विद्यापीठातील प्राध्यापक, कर्मचारी आणि विद्यार्थी मित्रांनो, आपली एक सामाईक तक्रार आहे. पासवर्ड टाकला तरी खाते उघडत नाही, वर पुन्हा आपल्याच मोबाईलवर आलेला कोड मागते! ज्यांच्यामुळे हा जाच आपल्यामागे लागला, त्या संगणक विभागप्रमुख सुनंदाताईंनी साठी पूर्ण केली आहे, आणि या गौरवग्रंथात मी त्यांचाच गौरव करणार आहे.

आमची पहिली भेट म्हणजे भांडणच. स्टाफरूममध्ये एक सर आपला कोड टेबलापलीकडच्या लिपिकाला ओरडून सांगत होते. नव्याने रुजू झालेल्या ताई दारातच थबकल्या.

"सर, घराले कुलूप लावून किल्ली पानठेल्यावर ठेवता काय?"

सगळे हसले. मी उसळून म्हणालो, "ताई, आपल्याकडे माणूस माणसावर विश्वास ठेवतो!"

"ठेवा ना. मी कुलपाचं बोलून राह्यली."

आमचे हसू मनीषाने पुसले. आष्टीकडच्या खेड्यातली ही विद्यार्थिनी. तिचा एम.एस्सी.चा प्रवेश तिच्याच खात्यावरून रद्द झाला होता. कोडाशिवाय प्रवेश रद्द होत नाही, म्हणजे तिनेच केला, असे सर्वांनी ठरवून टाकले. ताईंनी मात्र तिला विचारले, "बेटा, कोड तुझ्या फोनवर आलता काय?"

"मले कधीच येत नाई, मॅडम. कॅफेवाल्या काकाच्या फोनवर येते."

ताई तिला घेऊन एसटीने कारंजाला, त्या काकांच्या कॅफेवर गेल्या. मीही सोबत होतो. नेट-कॅफेत खिळ्याला दोरीने एक मोबाईल टांगलेला! अर्ज भरून देताना काका प्रत्येकाच्या खात्यावर तोच नंबर टाकत, पासवर्डही सर्वांना एकच.

"पोरायजवळ फोन नाई राहत, मॅडम. ज्याचा कोड आला त्यानं पाहून घ्यावा," काका अभिमानाने म्हणाले. त्यांच्या मनात कपट नव्हते. तेवढ्यात फोन वाजला आणि बाकावरच्या सगळ्यांनी माना उंचावून कुणाचा तरी कोड वाचला. एका मुलीचे पुढचे सारे शिक्षण त्या दोरीला लोंबकळत होते, आणि खोटी कोण ठरली? तीच!

प्रवेश कोणी रद्द केला, ते आजही कळलेले नाही. प्रवेश समितीपुढे ताई कडाडल्या, "कोड आला म्हणजे मालक आला, हे कोणत्या तोंडाने सांगता?" मनीषाची जागा तिला परत मिळाली. त्यानंतरच नियम झाला की, ज्याचे खाते त्याने स्वतः येऊन स्वतःचाच फोन नोंदवायचा. फोन नसेल तर विभागाने कोडाऐवजी संगणकाला लावायची यूएसबीची छोटी किल्ली द्यायची. मनीषाला ताईंनी आपला जुना फोन दिला. "भावालेही कोड सांगजो नको," एवढे बजावले. आज ती संशोधन करते आहे.

ताईंना उदंड आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो. आमच्यावर रागावण्याचे बळ त्यांच्यात असेच राहो. त्यांना शाल-श्रीफळ द्यालच. पण हा ग्रंथ मिटण्याआधी आपले खाते उघडा. तिथे नंबर कोणाचा आहे ते पाहा, आणि तो तुमचा नसेल तर आजच बदला.