त्या डबीला रंग लावायचा नाही

थोरल्या दिरांच्या हातात ब्रश दिसला की अजून माझं डोकं फिरतं. नारळी पौर्णिमेच्या आधी भाईंदरच्या आमच्या धक्क्यावर ऑइलपेंटचा वास पसरतो. बाकीच्या बायकांना त्या वासाने सण आल्यासारखं वाटतं, मला भांडण आल्यासारखं वाटतं.

मी मूळची इथल्याच जेसल पार्कची. फ्लॅटच्या खिडकीतून खाडी दिसायची, तेवढाच माझा तिच्याशी संबंध. मग लग्न करून कोळ्याच्या घरात आले. नवऱ्याची फायबरची छोटी होडी आहे, वरसाव्याच्या पुलापासून खाली समुद्राच्या तोंडापर्यंत तो जाळं टाकतो. खाडीचा तळ त्याला तोंडपाठ होता. होता म्हणते, कारण मग डेब्रिज आलं. जुन्या बिल्डिंगी पडायला लागल्या आणि त्यांचा राडारोडा डंपरने खारफुटीच्या खाजणाच्या कडेला ओतला जायला लागला. ढीग घसरत घसरत पाण्यात उतरतात आणि वरून काही दिसत नाही. एका ओहोटीला अशाच ढिगावर आमची होडी फाटली आणि एका सळईने नवऱ्याची मांडी उघडी केली. शेजारून जाणाऱ्या होडीवाल्याने त्याला ओढून घेतलं, म्हणून तो आज आहे. तक्रार करायला मी ज्या टेबलापुढे गेले तिथे एकच उत्तर, पाण्यातलं आमच्याकडे येत नाही. पाण्यातलं कुणाकडेच येत नाही म्हणे. आमच्या घरी मात्र आलं, मांडीला टाके घेऊन.

पुन्हा तो असा गेला तर परत येईलच याची खात्री मला कोण देणार होतं? म्हणून मी हट्टाने खोली मोजायचं यंत्र घ्यायला लावलं. सुकाणूजवळ छोटा पडदा, आणि त्याची वायर मागे एका काळ्या डबीला जोडलेली. साबणाच्या वडीएवढी ती डबी होडीच्या मागच्या बाजूला पाण्याखाली बसते, तळाकडे आवाज सोडते, आणि तो परत आला की खाली किती फूट पाणी आहे ते पडद्यावर दिसतं. घरात सगळे त्याला टीव्ही म्हणायला लागले.

बसवायला आलेल्या माणसाने ती डबी नेमकी इंजिनच्या पंख्याला खेटून बसवली. होडी उभी असली की आकडा बरोबर, चालायला लागली की पंख्याचा फेस मध्ये येऊन आकडा नाचायचा. मी त्याला फोन केला.

"भाभी, चालू तो है ना?"

"खडी बोट में गहराई जान के मैं क्या करूँ? आरती उतारूँ?"

त्यानंतर त्याने फोन उचलणंच बंद केलं. शेवटी होडी वर ओढून आम्हीच ती डबी काढली. जुनी भोकं बुजवली, डबी पंख्यापासून लांब, मागच्याच बाजूच्या दुसऱ्या टोकाला बसवली, तिचं तोंड होडीच्या तळापेक्षा जरासं खाली ठेवलं, वायर इंजिनच्या वायरींपासून दूर नेली. आकडा स्थिरावला. त्या दिवसापासून नवरा जाळं टाकायच्या आधी पडद्याकडे बघायला लागला. मला तेवढं पुरे होतं.

देखभाल माझ्या गळ्यात आली. खाडीच्या पाण्यात डबीवर शेवाळ धरतं, बारीक शिंपले चिकटतात आणि आवाज अडतो. दर रविवारी ओहोटी बघून मी चिखलात उतरायचे आणि साबणाच्या पाण्याने, मऊ स्पंजने ती पुसायचे. तारेची घासणी लावायची नाही, चरे पडतात. जाऊबाई धक्क्यावरून ओरडायच्या, "नवऱ्याची पाठ कंदी एवरी चोलली न्हाय गं!" मीही हसायचे.

गेल्या वर्षी होडी रंगवायच्या आधी मी घरात सगळ्यांना बजावलं होतं की त्या डबीला रंग लावायचा नाही, रंगाच्या थरानेही आवाज अडतो. वर चिकटपट्टीही लावून ठेवली होती. भाऊजींनी मान डोलावली होती, म्हणून रंगाच्या दिवशी मी निर्धास्त कामावर गेले.

पौर्णिमेला आम्ही सगळे होडीत बसलो. सासूबाई, जाऊबाई, त्यांची दोन मुलं, भाऊजी, आम्ही दोघं. भरतीला निघालो, खाडीच्या तोंडाशी नारळ वाहिला, प्रसादाचा दुसरा नारळ फोडला. परतताना ओहोटी चांगलीच लागली होती. माझं लक्ष पडद्याकडे गेलं. आकडाच नव्हता, नुसत्या दोन रेघा लुकलुकत होत्या.

"सकाळपासना तसाच हाय," नवरा म्हणाला. "बंद परला असंल."

मी मागे वाकून बघितलं. काळी डबी कुठेच नव्हती. तिच्या जागी पाण्याखाली निळ्या रंगाचा गुळगुळीत उंचवटा होता.

"इंजिन बंद कर!" मी किंचाळले. "भाऊजी, हे काय केलंत?"

"मंग काय बोरकी ठेवू? सनाला होरीवर उघरी जागा ठेवाची न्हाय. ती पट्टी कवरी घान दिसत व्हती, मीच सोलली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. प्रसादाच्या नारळाची करवंटी समोर होती, ती उचलली आणि आडवी पडून, हात पाण्यात घालून त्या रंगावर घासायला लागले. आमच्या घरात पौर्णिमेला होडीच्या रंगावर साधा ओरखडा चालत नाही. सासूबाई ओरडत होत्या, "अगो, सनाच्या दिशी काय करतंस!" मुलं रडायला लागली. रंग साल निघावी तसा निघत होता, माझ्या नखांत जात होता. कुणीही माझा हात धरला असता तर मी चावले असते.

पडद्यावर आकडा आला. चार. प्रवाह होडी पुढे नेत होता. तीन.

नवऱ्याने इंजिन वर उचललं आणि वल्हं खाली खुपसलं. ते काँक्रीटवर खडकन वाजलं. मागच्या महिन्यापर्यंत तिथे मोकळं पाणी होतं. वल्ह्याने ढकलत ढकलत त्याने होडी मागे घेतली.  धक्क्याला उतरल्यावर सासूबाई म्हणाल्या, "सनाच्या दिशी रंग खरवडलास."

बस्स, एवढंच. मुलांना छातीशी धरून उभ्या होत्या आणि रंगाचं बोलत होत्या! मी घरी येऊन ताटं आपटली. डंपरवाल्यांचा, टेबलवाल्यांचा, फोन न उचलणाऱ्याचा सगळा राग त्या ताटांवर काढला, आणि तरी तो उरला.

या वर्षी रंगाच्या दिवशी मी कामावर सुट्टी टाकली. भाऊजी ब्रश घेऊन मागच्या बाजूला आले, तेव्हा मी डबीवर तळहात पसरून बसले होते.

"हात उचल."

"नाही."

"बोरका दिसंल गो."

"दिसू दे."

त्यांनी ब्रश डब्यात बुडवला. मग खाली बसले आणि माझ्या हाताभोवती रंगवायला लागले. बोटांमधूनही ब्रश फिरवला. माझी नखं निळी झाली, तरी मी हात हलवला नाही.  रंगवून झाल्यावर मी हात उचलला. निळ्या होडीच्या मागे माझा पंजा तेवढा कोरा राहिला होता आणि त्याच्या मध्यभागी काळी डबी.

पौर्णिमेला सासूबाईंनी होडीला हळदकुंकू लावलं. पुढे लावलं, दोन्ही बाजूंना लावलं. मग मागे आल्या आणि त्या पंजापाशी थांबल्या. मी कंबर कसूनच उभी होते, भांडायची पूर्ण तयारी करून. त्यांनी हळदीचं बोट पुढे केलं, डबीपर्यंत नेलं, आणि जरासं बाजूला सरकवून रंगावर टेकवलं.

"हितं चालंल ना?" त्यांनी मला विचारलं.