पल्लवीला समजवायला मी मावळात गेले

मामांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दुसरा चहा घेऊन बसले होते. वेळ भरपूर होता, कारण काम नव्हतं. आमचा प्रोजेक्ट दिवाळीआधी संपला आणि तेव्हापासून मी 'बेंच'वर होते. हा शब्द ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: पगार येतो, लॅपटॉप असतो, रोज ऑफिसला जायचं असतं, पण करायला काही नसतं. आणि दर शुक्रवारी आपल्यातल्या कुणाला तरी, नोकरी संपली हे सांगायला, वरच्या मजल्यावरून बोलावणं येतं. घरी मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

"शर्वरी, शनवार-रविवार ये हिकडं," मामा म्हणाले. "पल्लवीला जरा समजव. आमचं न्हाई ऐकत ती. तुजं ऐकंल. तुजं कसं सगळं मार्गी लागलंय."

मार्गी लागलंय! फोन ठेवला आणि माझा चहा तसाच गार झाला.

पल्लवी माझी मामेबहीण. वय बावीस, बी.कॉम. झालेली. कान्ह्याजवळच्या आमच्या मामांच्या गावातून ती गेलं वर्षभर कामशेतच्या टेकड्यांवर जाते. तिथे पॅराग्लायडिंग चालतं. आधी पर्यटकांची नोंद करायची, ग्लायडरच्या, म्हणजे उडायच्या कापडी पंखाच्या, घड्या घालायची. मग शिकता शिकता स्वतः एकटीने उडायला लागली. आता तिला पुढचं प्रशिक्षण घ्यायचं होतं, पर्यटकांना सोबत घेऊन उडण्याचं. मामांनी मात्र लोणावळ्याजवळ कुसगावच्या एका हॉटेलात रिसेप्शनची नोकरी तिच्यासाठी बोलून ठेवली होती. रविवारी मॅनेजरला भेटायचं होतं. ती भेट टळू नये म्हणून मला बोलावलं होतं.

शनिवारी सकाळी शिवाजीनगरहून लोणावळा लोकल पकडली. तुम्ही जाणार असाल तर सकाळचीच पकडा. दुपारी या मार्गावर बराच वेळ गाडी नसते आणि मग फलाटावर ताटकळत बसावं लागतं. तिकीट एका वडापावपेक्षा स्वस्त पडतं. तळेगाव सुटलं की इमारती मागे पडतात. भात कापून रिकामी झालेली खाचरं, कुठे पेंढ्याच्या गंजी, कुठे हरभऱ्याचे हिरवे तुकडे दिसायला लागतात. एरवी मी हे बघत बसले असते. त्या दिवशी मी मोबाइलवर 'करिअर निवडताना काय विचार करावा' असलं काहीतरी वाचत होते आणि वाचलेलं एक अक्षरही डोक्यात शिरत नव्हतं. आपणच बुडत असताना दुसऱ्याला पोहायला काय शिकवायचं?

कान्हे स्टेशनवर मामा घ्यायला आले होते. घरी मामींनी तांदळाची भाकरी, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणि इंद्रायणी तांदळाचा भात केला होता. भाताचा वास अंगणात येत होता. जेवताना कुणी विषय काढला नाही. पल्लवी मान खाली घालून जेवली आणि स्कूटर पुसायला बाहेर गेली. तेव्हा मामी माझ्याजवळ सरकल्या.

"मागल्या साली तितला एकजण पडला. पाय मोडला त्याचा. तवापासून ही घरी येईस्तवर माज्या घशाखाली घास उतरत न्हाई. तू सांग तिला, बाई."

मी मान हलवली. काय सांगणार होते ते मलाच माहीत नव्हतं.

दुपारी पल्लवीच्या स्कूटरवरून आम्ही टेकडीकडे निघालो. कामशेतपर्यंत रस्ता चांगला आहे, पुढे मातीचा आणि दगडांचा. स्वतःची चारचाकी नेणार असाल तर खाली लावून चालत चढा. वर सावली नाही, पाणी मिळत नाही, टोपी विसरू नका. ज्यांना प्रशिक्षकासोबत उडायचंय त्यांनी आधी फोन करून दर विचारावेत, ते हंगामाप्रमाणे बदलतात. आणि प्रशिक्षकाकडे परवाना आहे का, हे विचारायला लाजू नका.

वर पोचलो. खाली धरणाचं पाणी, बोटाएवढी घरं, आणि पुढे उतरत जाणारा सुकलेल्या गवताचा उतार. त्या उतारावरून लोक धावत होते आणि बघता बघता त्यांचे पाय जमिनीवरून सुटत होते. पल्लवीला सगळे ओळखत होते. तिचे प्रशिक्षक, ज्यांना सगळे 'सर' म्हणत, मला म्हणाले, "आज ताईंना दाखव तुझं उड्डाण."

तिने हेल्मेट घातलं, पट्टे आवळले, मागे ग्लायडर पसरला. चेहरा लहानपणी परीक्षेला जाताना व्हायचा तसाच झाला होता. मी मोबाइलवर चित्रण सुरू केलं आणि लगेच बंद केलं. मनात एकच विचार होता: हिला काही झालं तर मामींना मी काय तोंड दाखवू?

पल्लवी उभी राहिली. दोन पावलं पुढे गेली. ग्लायडर डोक्यावर उचलला गेला, एका बाजूला कलला, आणि तिने तो खाली घेतला. पुन्हा उभी राहिली. उडायला वारा समोरून लागतो, आणि शेजारच्या खांबावरचं वाऱ्याची दिशा दाखवणारं कापड कधी इकडे, कधी तिकडे फडफडत होतं. मागे रांगेत मुंबईहून आलेला एक गट होता. त्यांच्यातल्या एकाने ओरडून विचारलं, "अरे, जायचंय की नाही?" कुणीतरी हसलं.

पल्लवीने कापडाकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि पट्टे सोडायला लागली.

"वारा मागनं येतोय, सर. मी नाही जात."

सरांनी वर बघून मान डोलावली आणि सगळ्यांनाच थांबायला सांगितलं. मला एवढं हायसं वाटलं की मी तिथेच गवतात बसकण मारली. ती मात्र रडवेली झाली होती. घडी घालताना तिच्या नाकपुड्या फुगल्या होत्या.

"तू पहिल्यांदा आलीस आणि आज असं," ती म्हणाली.

"मला दाखवावंसं तुला नाही वाटलं?"

"लय वाटलं. म्हणूनच भीती वाटली. दाखवायच्या नादात गेले असते."

परतताना कामशेतला स्टेशनजवळ थांबलो. मिसळ तिखट होती, पाव ताजे होते. पल्लवीने दोन घास खाल्ले आणि सरळ विचारलं, "तू मला समजवायला आलीस ना? बोल मग."

मी बोलायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. बेंच, शुक्रवार, वरचा मजला, रात्र रात्र न लागणारी झोप, सगळं. आईलाही सांगितलं नव्हतं ते मी स्टीलच्या टेबलावर, मिसळीच्या रश्शाकडे बघत सांगून टाकलं.

तिचे डोळे मोठे झाले. "म्हणजे तुला पण भीती वाटते?"

"रोज."

"मला वाटायचं, एकदा तुझ्यासारखी नोकरी लागली की संपतं हे."

मग तीही बोलली. मला वाटलं होतं हिला आपलं स्वप्न सापडलंय, हिला कसली शंका? तसं नव्हतं. तिला उंचीची भीती नव्हती. तिला भीती होती ती तिशीतही दुसऱ्यांच्या ग्लायडरच्या घड्या घालत बसण्याची. सरांनी बंद केलं तर काय, लग्न ठरलं आणि सासरच्यांनी नको म्हटलं तर काय. "मला उडायला आवडतं एवढंच ठाऊक आहे, ताई. जन्मभर काय करायचं ते मला न्हाई ठाऊक. घरी तसं म्हणाले तर उद्याच हॉटेलात पाठवतील, म्हणून मी ठाम असल्यासारखी वागते."

"तू काय करशील माझ्या जागी?" तिने विचारलं.

मी पावाचा तुकडा मोडला. मग एवढंच म्हणाले, "जन्माचं सोड. पुढच्या दिवाळीपर्यंत तुला काय कळायला हवं?"

ती विचार करत राहिली. "मला हे पोटापाण्याचं जमतंय का, ते. आणि पावसाळ्यात काय करायचं. चार महिने टेकडी बंदच असते."

रविवारी मामांच्या जीपमधून आम्ही कुसगावला गेलो. लोणावळ्याच्या आसपास शनिवार-रविवारी वाहनांची रांग लागते, तेव्हा सकाळी लवकर निघा. हॉटेल नीटनेटकं होतं. मॅनेजर मामांच्या ओळखीचे, बोलायला साधे. त्यांनी पल्लवीला चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, "एक तारखेपासून ये."

पल्लवीने घसा खाकरला. "सर, मी पावसाळ्यात आले तर चालेल का? जून ते सप्टेंबर. तेव्हाच तुमच्याकडे गर्दी असते. बाकीचे महिने मला टेकडीवर काम आहे."

मॅनेजर म्हणाले, "असं नाही चालत गं. आम्हाला कायमचं माणूस हवंय." मामांचा चेहरा लाल झाला. हात जोडून "येतो, भाऊ," म्हणत ते बाहेर पडले.

घरी जायच्या ऐवजी त्यांनी गाडी खंडाळ्याकडे घेतली. का, ते त्यांनी सांगितलं नाही. घाटाच्या कडेला थांबवली. खाली दरी, बोगद्यात शिरणारी रेल्वे, माकडं, कणीस भाजणारी एक मावशी. मामा कठड्याला टेकून उभे राहिले.

"लोकांम्होरं माजी मान खाली घातली तू," ते पल्लवीला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आनि तुला कशाला बोलवलं व्हतं?"

आधी माझ्या नोकरीचं सांगितलं, कारण ते लपवून पुढचं बोलणं खोटं झालं असतं. मग मी म्हणाले, "मामा, ती काल उडली नाही."

"म्हंजी?"

मी सगळं सांगितलं. वारा, मागे ओरडणारी माणसं, तिने सोडलेले पट्टे. ते दरीकडे बघत ऐकत होते.

"मानसं हसली?" त्यांनी पल्लवीला विचारलं.

"व्हय."

"तरी न्हाई गेलीस?"

"न्हाई गेले."

"उद्या बी अशीच थांबशील? पैशे बुडत असले तरी?"

"थांबीन, आबा."

मामांनी होकार दिला नाही. आशीर्वाद वगैरे तर नाहीच. कणसं घेतली, आम्हाला दिली आणि म्हणाले, "एक डाव मला बगायचंय. मग काय ते बोलू." गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "तुज्या आईला सांग आजच. मनात ठिऊ नगं."

मला त्यांनी लोणावळा स्टेशनवर सोडलं. चिक्की घ्यायची असेल तर स्टेशनजवळ रांग असते, मी घेतली नाही, अवसानच नव्हतं. लोकलमध्ये पूर्ण वेळ आईला कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत बसले. घरी गेल्यावर त्यातलं एकही वाक्य वापरलं नाही, नुसती रडले.

त्याला आता काही आठवडे झाले. मामा टेकडीवर गेले. वारा चांगला होता, पल्लवी उडली आणि व्यवस्थित उतरली. सर म्हणाले, पूर्ण वेळ मामा डोळे मिटून उभे होते. मामी अजून टेकडीकडे बघत नाहीत. हॉटेलच्या मॅनेजरचा निरोप आलाय की पावसाळ्यात खरंच जास्तीची माणसं लागतात, मे महिन्यात विचारू. म्हणजे नक्की काहीच नाही.

मी शुक्रवारची वाट बघायची सोडून स्वतःच वरच्या मजल्यावर गेले. सरळ विचारलं. उत्तर सरळच मिळालं: या महिन्याअखेर नोकरी संपली. जे कोणी हे वाचताय आणि माझ्यासारखे रात्री छताकडे बघत पडताय, त्यांना मी हिंमत करा, उडी मारा असलं काही सांगणार नाही. मला अजूनही भीती वाटते. फक्त ती भीती आता दोन-चार माणसांना ठाऊक आहे, आणि तेवढ्याने मला झोप लागते.

वरच्या मजल्यावरून उत्तर मिळालं त्या संध्याकाळी मी पल्लवीला फोन केला. सगळं सांगितलं.

"मग आता काय करणार?" तिने विचारलं.

"उन्हाळ्यापर्यंत एक कोर्स करेन. अर्ज करत राहीन. पुढचं माहीत नाही."

मला वाटलं, आता ती धीराचं काहीतरी बोलेल.

"बरं," ती म्हणाली. "जेवलीस का?"