आईचा आवाज ठेवायचा कुठे

ये गं पोरी, अशी जवळ बस. दादरपर्यंत येतेस आणि लालबाग तेवढं तुला लांब पडतं, हे काही मला पटत नाही. समोरच्या खोलीला कुलूप दिसलं ना? मायलेक डॉक्टरकडे गेलेत. त्या लेकाइतका वस्तूंच्या जागेचा विचार करणारा माणूस अख्ख्या मुंबईत नसेल. खरवसाची वाटी नेऊन दिली तर हातात धरून उभा राहायचा. "मावशी, ही परत न्यायची की इथेच राहणार?" उत्तर मिळाल्याशिवाय वाटी खाली ठेवायचा नाही. पाहुण्याच्या छत्रीलाही हाच प्रश्न.

धंदाही तसलाच, वेबसाइटी बनवायचा. फोनमधल्या पानाला आठवण ठेवावी लागते, म्हणे. दर फेरीला सर्व्हरच्या दारात दाखवायची चिठ्ठी म्हणजे कुकी. टॅब मिटला की विसरायचं ते सेशन स्टोरेजमध्ये, ओट्यावरच्या ताटलीसारखं. नंतरही लागणारी चार अक्षरं लोकल स्टोरेजच्या फडताळात. अवजड सामान इंडेक्स्ड डीबीत, तो माळा. मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही, पण एका खोलीत संसार केलेल्या बाईला एवढं समजतं.

मग एका उन्हाळ्यात मसाला कुटायला गेलेली त्याची आई डंखाच्या यंत्रापाशी दगडफुलाचं नाव विसरली. सगळ्या मजल्याला मसाल्याचं प्रमाण सांगणारी बाई ती. तिच्या फोनवर त्याने एक पान करून दिलं. बटण दाबायचं, मसाला बोलून सांगायचा, आवाज तिथेच राहणार. कुकीत आवाज मावत नाही, आई फोन लगेच मिटते म्हणून ताटली नको, फडताळात फक्त अक्षरं. शेवटी माळा ठरला. सर्व्हरवर ठेवायला मात्र तयार नव्हता, घरातला आवाज परक्याकडे कशाला म्हणून. "किती दिवस ठेवायचा?" हे त्याने आईलाच विचारलं.

"तू आसस तवसर रवांदे," म्हातारी म्हणाली. तू आहेस तोवर राहू दे.

गणपतीच्या आधी तिने डबे घासले, समया उजळल्या, आणि कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे जाऊन फोनही साफ करून आणला. त्याने अगदी मनापासून साफ केला. महिनोन्‌महिने साठवलेलं सगळं त्यात गेलं. हा माझ्या उंबऱ्यावर येऊन बसला. "मावशी, माळा ब्राउझरचा होता. मी आपला समजलो."

आता पुन्हा सांगायला बसवतो तिला. मिरच्या, धणे नीट सांगते, मग मध्येच त्याच्याकडे बघत विचारते, "तू खंयचो रे बाबा?" तू कुठला, म्हणून. तो सांगतो, "तुझोच." हे तो रेकॉर्डिंगमधून कापत नाही. एक प्रत त्याच्या संगणकात, एक कपाटातल्या डिस्कवर आणि एक माझ्या फोनमध्ये. माझ्याकडे देताना त्याने किती दिवस ते विचारलं नाही.

त्या फोनला मी फडकंसुद्धा लावत नाही बघ. पण तो आवाज लावायचा कसा, ते काही मला जमत नाही. आज तुला घाई आहे, जा. पुढच्या वेळी सवडीने ये, आणि लवकर ये गं.