पाणगाईनं घास घेतला

प्राणिसंग्रहालयात धाकट्या बहिणीला चिकटवलं ते थोरलीनंच. साहेबांपुढे शब्द टाकला, गणवेशही स्वतःच्या हातानं उसवून तिच्या मापाचा करून दिला. थोरलीकडे ॲमेझॉन नदीतल्या मॅनेटीचा, म्हणजे पाणगाईचा हौद होता; धाकटीला कोळ्यासारखी लांब हातापायांची कोळीमाकडं मिळाली. तिथून थोरलीच्या पोटात दुखायला लागलं.

माकडं शेपटीनं लोंबकळली की माणसांची झुंबड उडायची. धाकटी नुसती हसली तरी लोक फोटो काढायचे. पाणगाय मात्र चार-पाच मिनिटांनी नाक वर काढायची, फुस्स करायची आणि पुन्हा तळाशी. "आई, हा दगड हलतो गं!" एक मुलगी म्हणाली, तेव्हा थोरलीला वाटलं, आपल्यालाच म्हणाली.

साहेबांना दोन्ही प्राण्यांची तुलना करणारा फलक हवा होता. थोरलीनं मन लावून लिहिलं: एक पाणवनस्पतींवर जगते, दुसरी फळांवर, दोघींना एका वेळी एकच पिल्लू, दोघी त्याला दोन-दोन वर्षं पाजतात. मग राहवलं नाही, म्हणून ठळक अक्षरांत जोडलं, 'कोळीमाकडाला अंगठा जवळजवळ नसतोच.'

धाकटीनं वाचलं आणि खळखळून हसली. "ताई, मग तुझ्या पाणगाईच्या हातांना नखं नाहीत, तेही लिही की!"

साहेबही हसले. फलकावर दोन्ही वाक्यं चढली. थोरली त्या दिवशी डबा न उघडताच घरी गेली.

पुढच्या आठवड्यात पाणगाईनं खाणं टाकलं. डॉक्टरांनी दात पाहिले, पाणी तपासलं, काही सापडेना. थोरली तीन दिवस काठावर गुडघे टेकून पाला पुढे करत होती. चौथ्या दिवशी धाकटी आली, थोरलीच्या हातातली जुडी घेतली आणि पाण्यात हात घातला. पाणगाय सावकाश वर आली. जाड ओठांनी पान चाचपलं. खाल्लं.

"बघ ताई, खाल्लं!" धाकटी ओरडली.

थोरलीचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी अंगाची लाही लाही झाली. हिला माकडं मिळाली, माणसं मिळाली, आता पाणगायसुद्धा? तिनं हात पुसले, पुसतच राहिली.

"उद्या सकाळी लवकर ये," ती शेवटी म्हणाली. बहिणीकडे बघितलं मात्र नाही.

धाकटी महिनाभर रोज आली. पाणगाय सुधारली. थोरलीनं बहिणीला एकदाही 'बरं केलंस' म्हटलं नाही.