वाटून न खाल्लेल्या गोळ्या

वसमतच्या एका दवाखान्यात मी नर्स आहे. "आधी काही गोळ्या घेतल्या का?" असं विचारलं की खोटं बोलण्यात आमच्या पेशंटांचा हात कुणी धरणार नाही. सगळ्या बाया खाली बघून "न्हाई" म्हणतात.

तांड्यावरून आलेल्या एका बाईनं मात्र ओढणीची गाठ सोडली आणि गोळ्यांची कापलेली, रिकामी पाकिटं टेबलावर मांडली.

"मेडिकलवरून आणल्या होत्या. आमी नवरा-बायकोनं अर्ध्या अर्ध्या वाटून खाल्ल्या. एकट्यानं खायची आमच्यात रीत न्हाई."

तिला क्लॅमिडिया, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणारा आजार, निघाला होता. डॉक्टरांनी पाकिटांवरची नावं वाचली आणि समजावलं, की अर्धवट गोळ्यांनी त्रास दबतो पण जंतू मरत नाहीत, कधी कधी ते तपासणीतही सापडत नाहीत. म्हणून आता दोघांनी आपापला सात दिवसांचा पूर्ण कोर्स घ्यायचा. नुसती मान डोलवून ती उठली नाही. "परत सांगा," म्हणाली आणि बोटांवर सात दिवस मोजले.

आठवड्यानं नवऱ्याला घेऊन आली. तो दाराशीच घुटमळत राहिला. ही ताठ मानेनं भरल्या रांगेतून पुढे आली आणि दोन रिकामी पाकिटं माझ्या हातावर ठेवली.

"एक माझं, एक त्याचं. भाकर वाटून खातो, बाई. हे न्हाई वाटलं."

कुणी हसलं नाही. रांगेतल्या एका म्हातारीनं पिशवीत हात घातला, आणि न विचारताच आपली कापलेली पाकिटं बाहेर काढली.