डावीकडे वळणारं चाक

डेस्मंड पिकर्सगिलने घरी बांधलेली गाडी तपासणीत नापास झाली, ती एकाच दोषामुळे. बाकी सगळं चोख होतं. अशा गाडीला रस्त्यावर यायचं तर आधी तपासनीस तिच्या अंगावरून हात फिरवतो, आणि बोटाला कुठे धार लागली की खेळ खलास. म्हणून डेस्मंडने पत्र्याच्या प्रत्येक कडेला रबराची पट्टी बसवली होती, प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर प्लास्टिकची टोपी चढवली होती. गाड्या बांधणारी ही सगळीच मंडळी असं करतात आणि पास झाल्यावर टोप्या उपटून फेकून देतात.

"स्वयंपाकघरातल्या कपाटाची कड माझं कपाळ फोडते, तिला नाही कधी रबर लावलंस," त्याची बायको ग्लेनिस म्हणाली होती.

"कपाटाला कुठे रस्त्यावर जायचंय," तो म्हणाला होता.

दोष निघाला स्टिअरिंगमध्ये. तपासणी केंद्राच्या आवारात तपासनिसाने गाडी माणसाच्या चालीने चालवली, चाक उजवीकडे फिरवलं आणि हात काढून घेतले. हात सोडले की चाक आपोआप सरळ व्हावं, असा नियम आहे. चाक सरळ झालं, पण तिथे थांबलं नाही. सावकाश पाव फेरा डावीकडे गेलं, आणि मग थांबलं. तपासनिसाने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

"ही सरळ होत नाही, मिस्टर पिकर्सगिल. ही वळते," तो म्हणाला आणि जरा घाईनेच खाली उतरला.

डेस्मंडला आता वेळ काढून चालणार नव्हतं. त्याच्या नजरेच्या दोन्ही कडा अंधारत चालल्या होत्या. हिवाळ्यात डोळे पुन्हा तपासले की लायसन्स बहुधा परत द्यावं लागेल, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. निवृत्तीच्या कितीतरी आधीपासून शेडमध्ये एकेक तुकडा जोडून त्याने ही गाडी उभी केली होती. ती एकदा तरी, कायदेशीर नंबर लावून, ग्लेनिसला शेजारी बसवून मेबलथॉर्पच्या समुद्रापर्यंत न्यायची, एवढंच त्याला हवं होतं. आणि बाहेर पानगळ सुरू झाली होती.

त्याने दोरी ताणून पुढची चाकं मापली. बरोबर होती. टायरची हवा बदलली, डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे लावलं. तरीही स्टिअरिंग डावीकडेच. शेवटी क्लबातला मित्र नॉरिस मदतीला आला. दोघांनी स्टिअरिंगचा दांडा चाकासकट खालच्या सांध्यातून सोडवला, गाडीतून काढला आणि शेडमधल्या कामाच्या बाकावरच्या शिकंज्यात आडवा आवळला. आता चाकाचा गाडीशी काही संबंध उरला नव्हता. डेस्मंडने ते उजवीकडे फिरवलं आणि सोडलं.

चाक मागे आलं, सरळ झालं, आणि कुणाचा तरी सवयीचा हात असावा तसं पाव फेरा डावीकडे जाऊन थांबलं.

नॉरिसने वाकून दांड्याच्या टोकात डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "आत कुठेतरी स्प्रिंग असणार."

"खोलून पाहिलंय. नाही."

"मग बाक तिरका असेल."

"लेका, या बाकावर तू स्वतः पाणसळ लावून दिलीस."

"तेव्हा मी प्यायलेलो असेन," नॉरिस म्हणाला, पण हसला नाही. त्याने टोपी घातली. "हा दांडा आला कुठून?"

तो आला होता दात्या गाडीतून. नवी गाडी बांधायची तर एखादी जुनी, मोडकी गाडी घ्यायची आणि तिचे अवयव काढून नव्या सांगाड्यात बसवायचे, ही रीत. दात्या गाडीचे कागद नीट पाहायचे. ती मोडली कशी हे मात्र विचारायचं नाही, हीसुद्धा रीतच. डेस्मंडने समुद्राच्या रस्त्यावरच्या एका शेतावरून, कडवर्थ नावाच्या बाईंच्या गोठ्यातून ती घेतली होती. पुढचा डावा कोपरा चेपलेला होता. सीटखाली वाळलेला चिखल आणि लव्हाळ्याची पानं होती. त्याने ती झाडून टाकली होती आणि काही विचारलं नव्हतं.

आता तो विचारायला गेला. शेतांवर धुकं उतरलं होतं. निचऱ्याच्या कालव्यावरचा पूल ओलांडला की लगेच डाव्या हाताला त्यांचं पांढरं फाटक होतं. वेरिटी कडवर्थ दारातच उभ्या होत्या, जणू वाट पाहत असाव्यात.

"चाकाचं विचारायला आलात ना?" त्या म्हणाल्या.

डेस्मंडने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"गाडी गोठ्यात होती ना, तेव्हा मी रोज ते सरळ करून ठेवायची. सकाळी बघावं तर फाटकाकडे वळलेलं." त्यांनी चहा ओतला. "माझा नवरा या रस्त्याने जन्मभर घरी आला. पूल, मग डावीकडे. धुक्यात पूल दिसला नाही त्याला. वळला बरोबरच. थोडा आधी, कालव्यातच वळला, एवढंच."

डेस्मंडने कप खाली ठेवला.

"मला ती गाडी चालवायची आहे, मिसेस कडवर्थ. माझ्याकडे फार दिवस नाहीत."

"मग त्याचं चाक मला परत आणून द्या," त्या म्हणाल्या. "पोहोचू दे त्याला घरी."

दांडा बदलण्यात एक अडचण होती. स्टिअरिंग दात्या गाडीचंच राहिलं तर नव्या गाडीला तिच्या वयाचा नंबर मिळत होता. ते काढलं की जुन्या अवयवांचा हिशेब मोडणार आणि पाटीवर 'क्यू' येणार. क्यू म्हणजे हिच्या जन्माचा पत्ता नाही. क्लबातली माणसं अशा पाटीकडे बघून घसा खाकरतात. डेस्मंडने आजवर ती टाळायची धडपड केली होती. पण त्या संध्याकाळी तो नॉरिसला म्हणाला, "क्यूच बरी. मला मागचं काही नसलेलीच गाडी हवी आहे."

"क्लबात तोंड कसं दाखवशील?"

"तू बाक तिरका ठेवलास, म्हणून सांगेन."

त्याने कोरा दांडा मागवला, ज्याचं चाक आजवर कुणीच धरलेलं नव्हतं. जुना दांडा गोणपाटात गुंडाळून कडवर्थबाईंना नेऊन दिला. वळणाचे दिवे लावायची दांडी तेवढी काढून घेतली; नव्या दांड्याला ती नव्हती, आणि चालती वस्तू टाकून द्यायला त्याचा हात धजत नसे.

दुसऱ्या तपासणीत चाक सरळ झालं आणि सरळच थांबलं. तपासनिसाने चार वेळा हात सोडून पाहिले. मग त्याने सही केली.

थंडी पडायच्या आत, एका धुरकट दुपारी, दोघं निघाले. टोप्या आणि रबराच्या पट्ट्या डेस्मंडने काढल्याच नव्हत्या. गाडीला छप्पर नव्हतं. ग्लेनिसने स्कार्फ हनुवटीखाली बांधला होता आणि मांडीवर सँडविचचा डबा धरला होता. लोक वळून बघत होते. डेस्मंड कित्येक महिन्यांनी शीळ घालत होता.

पुढे शेतं सुरू झाली आणि धुकं दाट होत गेलं. त्याची शीळ थांबली.

"तपासनिसासारखे हात सोडून दाखव की," ग्लेनिस म्हणाली. "आता तर पास झालीय."

"समुद्र येऊ दे."

पूल आला. त्याने चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. ते कुठेही ओढत नव्हतं. अगदी सरळ होतं.

"इथे वळायचंय का आपल्याला?" ग्लेनिसने विचारलं.

"नाही. का?"

"मग हा दिवा का लावलास?"

डॅशबोर्डवर डाव्या वळणाचा हिरवा दिवा टिकटिकत होता. डेस्मंडचे दोन्ही हात चाकावरच होते. पांढरं फाटक धुक्यातून पुढे आलं. ते उघडं होतं, आणि आत कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. कडवर्थबाई असतील. त्याच्या नजरेच्या कडेला आता माणसं ओळखू येत नसत.

त्याने दिवा बंद केला नाही. वेग कमी केला, तेवढंच. एखाद्याला उतरायला लागेल तितका.

फाटक मागे पडलं, आणि टिकटिक आपोआप थांबली.

"आता वास येतोय बघ समुद्राचा," ग्लेनिस म्हणाली. डेस्मंडने मान हलवली आणि वेग वाढवला.