बिर्ला नगरचा गालिचा आणि हळदीची दोन बोटं

१. जानेवारीच्या शेवटी एक गालिचा तपासायला मी ग्वाल्हेरला गेले.
२. गालिचा उत्तम होता. त्याच्या कोपऱ्यात हळदी-कुंकू लागलेलं होतं.
३. मी तो पास केला नाही.
४. परतीचं तिकीट पुढे ढकललं. फिरले, खाल्लं, आकाशाकडे पाहत बसले.
५. चौथ्या दिवशी पास केला.

आता सविस्तर. तिकडे जाणाऱ्यांना यातलं निम्मं तरी उपयोगी पडेल.

मी टेक्स्टाइल इंजिनियर आहे. परदेशातल्या ग्राहकांच्या वतीने, माल निघण्याआधी तो तपासते. यावेळचा ग्राहक म्हणजे न्यूझीलंडमधलं एक छोटं दुकान, आणि माल सुनंदाकाकू जाधवांचा. बिर्ला नगरमध्ये, जुन्या गिरणीच्या वस्तीत, काकूंचे चार माग आहेत. आजवर त्या दलालासाठी विणत आल्या. ही त्यांची पहिली थेट ऑर्डर. हा गालिचा नमुना म्हणून जायचा होता; तो पास झाला तर पुढची मोठी ऑर्डर, नाही तर पुन्हा दलालाचं दार.

पुण्याहून गाडी सुटली वेळेवर, पोचली धुक्यात. जानेवारीत जाणार असाल तर पोचण्याच्या दिवशी कोणतंही काम ठेवू नका. स्टेशनबाहेर ई-रिक्षा भरपूर. बसण्याआधी भाडं ठरवा. आणि सकाळी बेढई-जलेबी खा. बेढई म्हणजे डाळीचं सारण भरलेली फुगीर पुरी, सोबत तिखट बटाट्याची भाजी. मी दोन घेतल्या, मग आणखी एक.

काकूंच्या शेडमध्ये पांढऱ्या लोकरीच्या लडी टांगलेल्या होत्या. ही लोकर न्यूझीलंडहून, दलालामार्फत येते. धागा लांब, पांढरा, रंग स्वच्छ घेणारा. तिकडे लोकर मुबलक, पण हाताने गाठी मारणारे फारसे नाहीत. इकडे गाठी मारणारे हात आहेत, पण अशी लोकर नाही. म्हणून ती एवढा समुद्र ओलांडून येते आणि गालिचा होऊन परत जाते.

"त्यांच्याकडे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आहेत," काकूंची कॉलेजात जाणारी मुलगी रेवा म्हणाली. "आणि आपल्याकडे देखो, एका मागावर तीन-तीन बायका आणि सहा लोकांच्या गप्पा."

"तू मोज फक्त," काकू म्हणाल्या. "गाठ एक मारता येत नाही हिला. ताई, आमचे पूर्वज इथे घोड्यावरून आले होते, लढायला. ही स्कूटीवरून कोपऱ्यापर्यंत जाते आणि थकते."

मी गालिचा उलटा करून गाठी मोजल्या, मापं घेतली, काठ पाहिले. सगळं बरोबर. मग सुलटा केला. साईच्या रंगाच्या कोपऱ्यात हळदीची दोन बोटं, शेजारी कुंकवाची दोन, आणि चिकटलेले तांदूळ.

"हे काय?"

"पूजा केली ना कालच," काकू आनंदाने म्हणाल्या. "एवढ्या दूर चाललाय!"

"वेष्टनावर करायची."

"पिशवीला कुंकू लावून काय करू? जाणार तर हा आहे."

मी नोंद केली: नापास. काकू खाली बसल्या आणि एकेक तांदूळ वेचू लागल्या. रेवा मात्र साबण घेऊन धावत आली.

"साबण नको!" मी ओरडले. एरवी मी कामावर ओरडत नाही. पण हळदीला साबण लागला की ती लाल होते. उलट आंबट लागलं की पिवळी राहते, आणि पिवळी हळद उन्हात उडते. प्रश्न कुंकवाचा होता. हळद आणि चुन्याचं असेल तर आंबटाने पुन्हा पिवळं होईल. नुसता लाल रंग असेल तर संपलं.

"पाटणकर बाजारातून आणलंय," काकू म्हणाल्या. "तो तर शपथेवर सांगतो, असली आहे."

आम्ही तिघी शहराच्या लष्कर भागात, पाटणकर बाजारात गेलो. दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला, "बाईसाहेब, शुद्ध हल्दी का है. पिताजी के ज़माने से."

मी कापसावर त्याचं कुंकू घेतलं, सोबत नेलेल्या बाटलीतलं व्हिनेगर टाकलं. आम्ही तिघी वाकून पाहत राहिलो. लाल कडेने विरलं आणि पिवळं झालं.

"मम्मी, हा सच्चा निघाला!" रेवा किंचाळली. दुकानदार दुखावला. "तो क्या आप लोग शक कर रहे थे?" काकूंनी भरपाई म्हणून पाव किलो कुंकू विकत घेतलं. ते आता कुठे लावणार, हे मी विचारलं नाही.

कोपरा पातळ व्हिनेगरने धुतला आणि गालिचा गच्चीवर पसरला. पुढे फक्त ऊन हवं होतं, आणि ग्वाल्हेरला धुकं होतं. दुपारी तासभर पिवळसर ऊन पडायचं, बस्स.

त्या दिवसांत मी किल्ला पाहिला. उरवाई दरवाजाकडून गाडी वर जाते. वाटेत कड्यात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती आहेत, तिथे उतरा. वर मानमंदिर महालाच्या भिंतीवर निळ्या पट्ट्यात पिवळ्या बदकांची रांग आहे. शतकानुशतकं उन्हात उभी, आणि पिवळा जसाच्या तसा. त्या दिवशी मला ते बघवेना. तेवढ्यात रेवाचा फोन: "ताई, धूप निकली है! एकदम कडक!" मी बदकं सोडून निघाले.

डाग किती उरला हे मोजायला आमच्याकडे राखाडी छटांची पट्टी असते. पाच म्हणजे डाग नाहीच, चारच्या खाली नापास. चौथ्या दिवशी मी पट्टी ठेवली तेव्हा मागावरच्या बायकाही वर आल्या होत्या. हळद साडेचार. कुंकू चार. मी सही केली. खाली कोणीतरी ढोलक काढली. तपासणी संपेपर्यंत मी कुणाकडे जेवत नाही. ती संपली होती. चार पुरणपोळ्या खाल्ल्या.

अहवालात मी सगळं लिहिलं, फोटोंसकट. तिकडून उत्तर आलं: गालिचा मंजूर, पुढची ऑर्डर पक्की, आणि पूजा जरूर करा, पण वेष्टनावर.

घरी येऊन आठवडा झाला. तिकडून आणलेली गजक, म्हणजे तीळ-गुळाची कुरकुरीत वडी, संपली. एक चित्र मात्र अजून मनात आहे: गच्चीवर वाकलेल्या बायका, आणि त्यांच्यात मीही. एवढी खूश मी कामावर क्वचितच होते.

एक अडचण उरली आहे. थेट ऑर्डर घेतली म्हणून दलाल आता काकूंना लोकर देणार नाही. ती थेट न्यूझीलंडहून मागवावी लागेल, आणि तिकडून येणारी सर्वांत लहान खेपही चार मागांना जास्त आहे. तुमच्यापैकी कोणी विणकाम करत असेल, किंवा करणाऱ्यांना ओळखत असेल, आणि अर्धी खेप घ्यायची तयारी असेल, तर खाली लिहा. १५ मार्चपर्यंत उत्तर हवं आहे.